काळ्या गाडीवरचे ओरखडे आणि पॉलिशची निवड: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी काळ्या रंगाची सेडान, सात वर्षं वापरलेली. मालकीण पुण्यात सिंहगड रस्त्याला एका मोठ्या सोसायटीत राहतात, बँकेत अधिकारी आहेत. त्यांना इथे ताई म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. गाडी त्यांनी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. इंजिन उत्तम, आतून गाडी नीट राखलेली. रंग मात्र उन्हात आला की डोळ्यांत खुपायचा. बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली काळाभोर दिसणारा पत्रा बाहेर काढला की त्यावर बारीक ओरखड्यांची चक्रंच चक्रं.

कारण सोसायटीतच होतं. सकाळी गाड्या पुसायला एक मुलगा येतो. एक बादली, एक फडकं आणि ओळीने उभ्या असलेल्या पंचवीस-तीस गाड्या. आधी कोरडं फडकं मारून धूळ झटकायची, मग ओलं फिरवायचं. पाच-सहा गाड्या झाल्या की बादलीतलं पाणी मातकट होतं आणि त्यातच पुढच्या गाड्या होतात. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. गाडीमागे महिन्याला जे पैसे मिळतात, त्यात रोज इतक्या गाड्या उरकायच्या तर दुसरी पद्धत बसतच नाही. पण आपल्याकडच्या धुळीत बांधकामाची कच असते. ती फडक्यात अडकते आणि रोज रंगावरून फिरते.

दिवाळीआधी ताईंनी रस्त्यालगतच्या एका सेंटरवर ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं. १,८०० रुपये गेले, गाडी झकास चमकली. भाऊबीज झाली, गाडी दोनदा धुतली आणि जुने ओरखडे परत वर आले. शिवाय एक नवीन प्रकार सुरू झाला: उन्हात गाडीभोवती चालत गेलं की चमकेचे पट्टे आपल्याबरोबर पत्र्यावरून सरकायचे.

मग सल्ले येऊ लागले. एका डिटेलिंग स्टुडिओने ३२,००० रुपयांचं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर, सुचवलं, ‘खालचं सगळं झाकलं जाईल’ या आश्वासनासह. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं म्हणणं, बॉनेट आणि दोन दरवाजे नव्याने मारून टाकू. भाच्याने ऑनलाइन एक कडक कंपाउंड, म्हणजे रंग जोरात घासणारं द्रव्य, शोधून ठेवलं होतं. मी शनिवार-रविवारी ओळखीच्या लोकांच्या गाड्यांचा रंग सुधारून देतो, म्हणून ताई माझ्याकडे आल्या. प्रश्न एकच: “दादा, एवढंच सांगा, कोणती बाटली घेऊ?”

गाडीवर नेमकं काय होतं

बाटलीचं नाव सांगण्याआधी रंगाची अवस्था पाहणं भाग होतं. हे बहुतेक ठिकाणी टाळलं जातं, आणि बरंचसं नुकसान तिथेच होतं.

आजकालच्या गाडीवर पत्र्यापासून वर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेला हा सगळा थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५०. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. पॉलिश करणं म्हणजे या क्लिअर कोटची वरची खरवड काढून, ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूची पातळी खाली आणणं. ओरखडा भरून येत नाही, त्याच्या शेजारचा रंग कमी होतो. उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. आयुष्यभराची सगळी पॉलिशं धरून सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये, असा व्यावसायिकांमध्ये संकेत आहे, आणि मी तो पाळतो.

गाडी आधी शाम्पूने धुतली, मग क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, चिकटलेली घाण काढली. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून प्रत्येक पॅनेल पुसला. स्वस्त पॉलिशमधली तेलं आणि भरणद्रव्यं ओरखड्यांत बसून ते तात्पुरते लपवतात. अल्कोहोलने ती निघतात आणि रंगाची खरी स्थिती समोर येते. दिवाळीच्या चमकेचं रहस्य तिथेच कळलं. ओरखडे गेलेच नव्हते, ते फक्त तेलाखाली होते.

मग हातातल्या एलईडी टॉर्चने पाहणी केली. स्वर्ल म्हणतात ते ओरखडे मुळात गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना जाणारे सरळ, बारीक चरे असतात. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती जे चरे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. टॉर्च हलवली की वर्तुळही हलतं. काळ्या रंगात मागची बाजू पूर्ण गडद असल्याने हे सगळं उठून दिसतं. पांढऱ्या गाडीवर तेवढेच ओरखडे असले तरी कोणी विचारत नाही.

सरकणारे पट्टे म्हणजे होलोग्राम. एकाच जागी गरगर फिरणारं रोटरी बफर, लोकरीचा पॅड आणि जाड दाण्याचं कंपाउंड वापरून पुढची बारीक पायरी गाळली की ते उमटतात. त्याशिवाय बॉनेटवर आणि टपावर बोअरच्या जड पाण्याचे डाग होते, डिकीवर पक्ष्याच्या विष्ठेने खाल्लेली जागा होती, आणि मागच्या डाव्या दरवाजावर किल्लीने ओढल्यासारखा लांब चरा. त्यावरून नख फिरवलं तर अडकत होतं. नख अडकतं तो चरा पॉलिशचा विषय नसतो. तो बहुतेक वेळा पॉलिशने सुरक्षितपणे काढता येण्यापेक्षा खोल गेलेला असतो.

शेवटी जाडी मोजण्याचं मीटर लावलं. टप आणि पुढचे दरवाजे ११० ते १२५ मायक्रॉन, म्हणजे कारखान्याचा रंग, ठीक अवस्थेत. मागचा डावा दरवाजा २४० ते २७०. तो कधीतरी पुन्हा रंगवलेला होता, हे ताईंना माहीत नव्हतं. खाली खड्डे बुजवायची लांबी (पुटी) जाड भरलेली असती तर आकडा याच्या कितीतरी वर गेला असता, त्यामुळे मोठा अपघात नसावा. बॉनेट मात्र ८८ ते ९५, आणि पुढच्या कडेजवळ ७८. तिथला रंग आधीच घासला गेला होता, बहुधा एकाहून अधिक वेळा.

मीटरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. साधं मीटर सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं, क्लिअर कोट किती उरला हे दाखवत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालतही नाही. त्यातून गाडीचा इतिहास कळतो. घासायला किती मुभा आहे, हे आपल्यालाच अंदाजाने ठरवावं लागतं.

समोरचे पर्याय

नव्याने रंगवणं मी पहिल्यांदा बाजूला ठेवलं. कारखान्यात रंग मोठ्या तापमानाला भाजला जातो. गल्लीतल्या गॅरेजला ती सोय नसते. चांगल्या अवस्थेतला मूळ रंग काढून त्या जागी दुय्यम रंग मारायचा आणि गाडी विकताना ‘रिपेंट आहे’ म्हणून भाव पाडून घ्यायचा, यात शहाणपण नाही.

सिरॅमिक कोटिंगला माझा विरोध नाही, पण ते पारदर्शक असतं. खालचे ओरखडे दुरुस्त न करता ते लावलं तर ओरखडे त्याखाली तसेच राहतात आणि पुढे दुरुस्ती करायची तर आधी कोटिंग घासून काढावं लागतं. जाहिरातीतल्या ‘९एच’चा अर्थही ताईंना समजावून सांगितला. तो पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतला आकडा आहे. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापाशी त्याचा संबंध नाही. मातकट फडक्यातल्या वाळूपुढे तो रंगाला अभेद्य करत नाही.

ओरखडे झाकणारं ग्लेझ किंवा थोडं घासणारं-थोडं भरणारं ‘ऑल-इन-वन’ हा प्रामाणिक पर्याय होता. गाडी दोन-चार महिन्यांत विकायची असती तर मी तोच सुचवला असता. ताईंना गाडी अजून निदान पाच वर्षं ठेवायची होती.

राहिलं मशीन पॉलिश. प्रश्न फक्त किती कडक, हा.

बाटलीची निवड कशी झाली

बाजारात तीन पायऱ्या आहेत. कंपाउंड सर्वांत जास्त कापतं, मध्यम पॉलिश त्याहून कमी, फिनिशिंग पॉलिश सर्वांत बारीक. नावांवर जाऊ नये. एका कंपनीचं ‘पॉलिश’ दुसरीच्या ‘कंपाउंड’इतकं कडक असू शकतं. मेंझर्नाच्या बाटल्यांवर ४००, २५००, ३८०० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकं द्रव्य बारीक. मेगुआयर्समध्ये एम१०५ कापणारं आणि एम२०५ फिनिश देणारं, अशी जोडी व्यावसायिक वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. सामान्य ग्राहकासाठी त्यांचंच अल्टिमेट कंपाउंड आणि अल्टिमेट पॉलिश मिळतं. स्पेअरपार्टच्या दुकानात डब्यात मिळणारं जुन्या पद्धतीचं रबिंग कंपाउंड मात्र या कामासाठी नाही. त्याचा दाणा जाड असतो, आणि तो क्लिअर कोटवर नवे ओरखडे पाडतो.

दाण्याचा स्वभावही पाहावा लागतो. काही पॉलिशांतले कण दाब पडला की तुटत तुटत बारीक होतात. ती पूर्ण वेळ फिरवली नाहीत तर मधल्या अवस्थेतली धुरकट झाक मागे राहते. काहींतले कण सुरुवातीपासूनच अतिसूक्ष्म आणि एकसारखे असतात, ते तसेच राहतात. अशा द्रव्यांनी काम लवकर थांबवता येतं आणि नवशिक्याला ती सोपी जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाटली हा निवडीचा अर्धाच भाग आहे. तेच द्रव्य मायक्रोफायबर पॅडवर एक काम करतं, मऊ फोमवर पूर्ण वेगळं. शिवाय रंगाचा कठीणपणा कंपनीगणिक बदलतो. म्हणून भाच्याने वाचलेले रिव्ह्यू कितीही खरे असले तरी ते दुसऱ्या कुणाच्या रंगाबद्दल होते. ताईंच्या गाडीवर काय चालेल, हे ताईंची गाडीच सांगणार होती.

त्यासाठी पुढच्या उजव्या दरवाजावर, जिथे जाडी भरवशाची होती, टेप लावून चौकोन आखले आणि सौम्यापासून सुरुवात केली. मशीन सगळीकडे एकच: ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता डोलणारं, जे एका जागी उष्णता साठू देत नाही.

पहिल्या चौकोनात फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम. होलोग्राम पूर्ण गेले, रंगाची गडद खोली परत आली, पण स्वर्लपैकी जेमतेम निम्मे निघाले. दुसऱ्यात मध्यम पॉलिश आणि मध्यम फोम. अल्कोहोलने पुसून टॉर्च मारली तर तुरळक दोन-चार चरे सोडून जागा स्वच्छ. तिसऱ्यात कंपाउंड आणि मायक्रोफायबर पॅड. ते तुरळक चरेही गेले, पण रंगावर पातळ धुरकटपणा आला. तो घालवायला पुन्हा फिनिशिंगची पायरी लागली असती, म्हणजे दोनदा रंग काढणं.

इथे थांबलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनातला फरक टॉर्चला दिसत होता, दिवसाच्या उजेडात ताईंना दाखवला तर त्यांना ओळखता आला नाही. तेवढ्यासाठी आणखी दोन-तीन मायक्रॉन खर्च करायचे का? माझं उत्तर नाही असं होतं, आणि ताईंचंही. मध्यम पॉलिशची २५० मिलीची बाटली, तेवढीच फिनिशिंगची, आणि बाकीचे पैसे पॅडवर, असं ठरलं. एका पॅडवर अख्खी गाडी करणं हा चुकीच्या जागी केलेला काटकसरीपणा आहे. पॅड भरला की तो कापत नाही, नुसता तापतो.

बॉनेटचा निर्णय

सगळ्यात अवघड चर्चा बॉनेटवर झाली. नजर पहिल्यांदा जाते तिथे, स्वर्ल आणि पाण्याचे डाग सर्वांत जास्त तिथे, आणि रंग सर्वांत पातळ तिथेच.

“अहो, दरवाजे एवढे स्वच्छ होणार आणि बॉनेट तसंच ठेवायचं?” ताईंचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना मीटरचे आकडे दाखवले. टप ११० च्या खाली जात नाही आणि बॉनेट ९० च्या आसपास, याचा अर्थ क्लिअर कोटमधले वीसेक मायक्रॉन आधीच गेलेले असू शकतात. मध्यम पॉलिशने आज बॉनेट सुंदर दिसेल. पण कडेला क्लिअर कोट संपला तर काही उन्हाळ्यांत पांढरट पडून पापुद्रे निघायला लागतील, आणि मग रंगवण्यावाचून इलाज नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “मग बॉनेटचं थोडं राहू दे. घालवायचं नाहीये मला.”

त्यामुळे बॉनेटवर फक्त फिनिशिंग पॉलिश, मऊ फोम, आणि पुढच्या ७८ मायक्रॉनच्या पट्ट्यावर मशीन अजिबात नाही. तिथे टेप लावून ठेवली.

पुन्हा रंगवलेल्या डाव्या दरवाजावर जाडी भरपूर असल्याने तिथे जास्त घासता येईल असं वाटू शकतं. वेगळी चाचणी घेतली तर तो रंग कारखान्याच्या रंगापेक्षा बराच मऊ निघाला. मध्यम पॉलिशने त्यावर धूसर झाक येत होती, फिनिशिंगने एका फेरीत तो साफ झाला. एकाच गाडीवर दोन स्वभावांचे रंग असतात, म्हणून दुरुस्त केलेल्या प्रत्येक पॅनेलवर चाचणी नव्याने घ्यावी लागते.

प्रत्यक्ष काम

काम जानेवारीतल्या थंड सकाळी बेसमेंटमध्ये केलं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळतं आणि पावडरीसारखं चिकटून बसतं. रबरी पट्ट्या, काळं प्लास्टिक आणि पॅनेलच्या सगळ्या धारा टेपने झाकल्या. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो.

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, साधारण दोन फुटांचा चौकोन, आडव्या आणि उभ्या फेऱ्या, हाताचा वेग सेकंदाला इंचभर. घाई केली तर कण आपलं काम करत नाहीत. मधूनमधून पालथ्या हाताने पत्रा चाचपून पाहायचा. कोमट ठीक, चटका बसता कामा नये. प्रत्येक पॅनेलनंतर अल्कोहोल, टॉर्च, आणि मगच पुढे.

पाण्याच्या डागांवर आधी आम्लयुक्त वॉटरस्पॉट रिमूव्हर लावला. वर साठलेला क्षार निघाला, रंगात उतरलेले खळगे राहिले. डिकीवरच्या विष्ठेच्या डागाचंही तेच. कडा बोथट झाल्या, मध्यभाग दिसतो. किल्लीच्या चऱ्याला दोन हजार नंबरचा वॉटर पेपर (पाण्याबरोबर वापरायचा बारीक पॉलिशपेपर) मारावा, असा सल्ला ताईंना कुणीतरी दिला होता. नख अडकणाऱ्या चऱ्याची पातळी गाठेपर्यंत घासलं तर आजूबाजूचा क्लिअर कोट संपतो. त्याऐवजी गाडीच्या पट्टीवरून रंगाचा कोड घेऊन बारीक ब्रशने टचअप केलं. ते जवळून कळतं, चार पावलांवरून नाही.

शेवटी सिरॅमिकऐवजी साधा स्प्रे सीलंट, म्हणजे रंगावर पातळ संरक्षक थर देणारा फवारा.

निकाल

दरवाजे, टप आणि डिकी उन्हात स्वच्छ, होलोग्राम कुठेच नाहीत. बॉनेटवर निम्म्याहून थोडे कमी स्वर्ल शिल्लक आहेत, पण चमक बाकीच्या गाडीशी जुळते. द्रव्यं, पॅड, सीलंट, टॉवेल आणि टचअप मिळून साहित्याचा खर्च पाच हजारांच्या आत राहिला. मशीन माझं होतं. ते विकत घ्यायचं तर आणखी काही हजार लागतात, आणि एकाच गाडीसाठी ते घेण्यापेक्षा जाडी मोजून, चाचणी चौकोन दाखवून काम करणारा माणूस शोधणं परवडतं.

खरी अडचण फडक्याची होती. ताईंनी गाडी पुसणाऱ्या मुलाशी बसून बोलून घेतलं. रोज नको, आठवड्यातून दोनदाच. कोरडं फडकं अजिबात नाही. आपल्या गाडीसाठी स्वतंत्र मायक्रोफायबर हातमोजा आणि दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरी हातमोजा खळबळायला. पैसे पूर्वीइतकेच. त्याचं काम कमी झालं, त्यामुळे तो खूश. रोजची धूळ अंगावर घेऊन फिरणारी गाडी पाहून शेजारी पहिले काही आठवडे विचारत राहिले.

पावसाळ्यानंतर पुन्हा टॉर्च मारली. ड्रायव्हरच्या बाजूच्या हँडलमागे नखांचे आणि डिकीच्या कडेला सामान काढता-ठेवतानाचे बारीक चरे होते. बाकी रंग जानेवारीसारखाच. पॉलिश केलं नाही, सीलंट पुन्हा मारला.

वेगळं काय करता आलं असतं

जाडीची मोजणी गाडी विकत घेतानाच व्हायला हवी होती. रंगवलेला दरवाजा आणि घासलेलं बॉनेट तेव्हाच दिसलं असतं आणि भावात पाच-दहा हजार सहज सुटले असते. दिवाळीचं रबिंग टळलं असतं तर बॉनेटवर आज आणखी थोडी मोकळीक असती.

मध्यम पॉलिश आणि फिनिशिंग अशा दोन बाटल्यांऐवजी संपूर्ण गाडी फक्त फिनिशिंगने करण्याचा पर्यायही योग्य ठरला असता. रंग कमी गेला असता, पण दरवाज्यांवर निम्मे स्वर्ल राहिले असते. ज्यांची गाडी पांढरी किंवा चंदेरी आहे, त्यांना मी तेच सुचवतो. त्या रंगांवर उरलेले ओरखडे दिसत नाहीत, मग ते काढण्यासाठी क्लिअर कोट कशाला खर्चायचा.

गाडी जुन्या काळची, क्लिअर कोट नसलेल्या एकेरी रंगाची असती तर सगळा हिशेब बदलला असता. अशा गाडीवर पॉलिश करताना पॅडला गाडीचाच रंग लागतो. ती खूण दिसली की समजावं, वर पारदर्शक थर नाही. किंवा तो असायला हवा होता आणि आता संपला आहे. दुसरी शक्यता असेल तर मशीन त्याच क्षणी बंद करावं.

बॉनेटसाठी पीपीएफचा, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक संरक्षक फिल्मचा विचार ताई सध्या करत आहेत. पातळ झालेल्या रंगावर ती लावणं मला पटतं. मात्र काढताना तिच्याबरोबर रंग निघण्याचा धोका पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर जास्त असतो, म्हणून डाव्या दरवाजावर लावू नये, एवढं सांगून ठेवलं आहे.